पालथी

काट्यावर ठेवली की चिमटी रडायची नाही. कुशीत घेतली तरी कुरकुर, झोळीत घातली तरी कुरकुर. पण स्टीलच्या त्या गार तबकावर टॉवेल टाकून आडवी केली, की डोळे मोठे करून, हातपाय आखडून गप्प पडून राहायची. आपण हललो तर आकडा हलेल, आणि आकडा हलला तर बाप ओरडेल, हे दहा महिन्यांच्या पोरीला कळून चुकलं होतं.

"श्वास धर जरा," नवरा म्हणाला. हे पोरीला नव्हतं, बायकोला होतं. ती शेजारी उभी राहून जोरात श्वास घेते आणि त्याने आकडा डुलतो, असं त्याचं म्हणणं.

तिने श्वास धरला.

"सहा तीनशे दहा. पाज आता."

तिने पाजलं. भिंतीला टेकून, मांडी घालून, त्याच्या नजरेसमोर. गोठ्यात चार गायी धारांसाठी हंबरत होत्या आणि हा उंबऱ्यावर उकिडवा बसून पोरीचं गिळणं मोजत होता. पाजून झाल्यावर पुन्हा टॉवेल, पुन्हा तबक.

"सहा तीनशे सत्तर." त्याने खडूने दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहिला. तिथे असे शेकडो आकडे होते, पुसून पुन्हा लिहिलेले. "साठ ग्रॅम. काल याच वेळी नव्वद होतं."

"मध्येच मुतली ती."

"लंगोट वजा केलाय मी."

ती बादली उचलून गोठ्यात गेली आणि पहिल्या गायीच्या कासेला इतक्या जोरात हात घातला की गायीने लाथ झाडली.

तिच्या नवऱ्याला सगळे काटाभाऊ म्हणत. दूध संकलन केंद्रावर बारा वर्षं तो दूध मोजत होता. कॅन उचलून काट्यावर ठेवायचा, आकडा सांगायचा, सॅम्पल फॅट मोजायच्या मशीनला लावायचं, हे काम. सख्ख्या आईच्या किटलीलाही त्याने कधी दहा ग्रॅमची सूट दिली नव्हती, आणि त्याचं त्याच्या आईलाच जास्त कौतुक होतं.

मग चिमटी सातव्या महिन्यातच आली. चिमटीत मावेल एवढी, म्हणून चिमटी. खरं नाव ठेवायचा धीर कुणाला झालाच नाही. त्रेचाळीस दिवस ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. रोज सकाळी दाराच्या काचेवर एक कागद लागायचा, त्यावर वजन. बाकी कुणी काही सांगत नसे. घरी सोडताना एक नर्स घाईघाईत म्हणाली होती, "गुंडाळून ठेवा, फार हाताळू नका, जमिनीवर ठेवू नका, गारठा लागेल." पावसाची झड लागली होती. पाऊस गेला, थंडी गेली, ऊन आलं, जमीन तव्यासारखी तापायला लागली. तरी हुकूम उठवायला कुणी आलं नाही. पोर झोळीतून मांडीवर, मांडीवरून काट्यावर, काट्यावरून झोळीत. सासू तर तिला नुसत्या हातावर घेऊनही बसायची नाही, मध्ये उशी घ्यायची.

चिमटीच्या आईला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, अशा बाळंतपणात बाई रडते, फार रडते, रडू द्यावं. ती वाट बघत राहिली. रडू आलंच नाही. राग आला. सकाळी उठली की दातांवर दात बसलेले असायचे, इतके की जबडा दुखायचा. पोर रडली की पान्हा फुटायचा आणि त्याच क्षणी हाताच्या मुठी वळायच्या. एकदा दुपारी झोळीची दोरी तिने हाताला गच्च गुंडाळून धरली होती. हात पांढरा पडला तेव्हा कळलं. हे कुणाला सांगायचं? आल्यागेल्याने एकच विचारायचं, "किती भरली?" जणू ती बाई नाही, गव्हाण आहे, त्यात टाकलं किती आणि उरलं किती तेवढं सांगावं.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. विहिरीत पाणी होतं, पण गायी धापा टाकायच्या, वैरणीला तोंड लावायच्या नाहीत. केंद्रावरची आवक निम्म्यावर आली. दूध आटलं की लोक पाणी घालतात, हे काटाभाऊला माहीत होतं. त्यामुळे तो प्रत्येक कॅनकडे संशयाने बघे आणि घरी आला की बायकोकडे.

त्या सकाळी ती आपलं कॅन घेऊन रांगेत उभी राहिली. कॅन हलकं होतं, तरी खांदा दुखत होता. समोर केंद्राचा सचिव मशीनपाशी बसलेला. काटाभाऊ काट्यावर. तिच्या मागे दहाबारा जण, त्यात धारवाली म्हातारी. साठ वर्षं लोकांच्या गायी पिळून तिची बोटं वाकडी झाली होती, पण जीभ सरळच होती.

सचिवाने तिचं सॅम्पल लावलं. "तीन पॉइंट पाच. वा, वहिनी! गाय तुमच्यापेक्षा बरी निघाली की."

"म्हणजे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे काही नाही हो. मघाशी काटाभाऊंनी एक सॅम्पल लावलं. दोन पॉइंट एक. मी म्हटलं, ही कुणाची गाय, हिला पेंड घालतात की नुसतं बघायला ठेवलीय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली वाकून काट्याची पाटी पुसत होता. पाटी स्वच्छच होती. त्याचे कान लाल झाले होते. आणि खिडकीच्या कठड्यावर तिची झाकणाची स्टीलची वाटी.

ती वैरण कापायला गेली की सासूने चमच्याने पाजावं, म्हणून पहाटेच तिने स्वतःच्या हाताने पिळून ठेवलेलं दूध. अर्धी वाटी भरायला अर्धा तास लागला होता. आता वाटी रिकामी होती. मशीनची नळी धुताना जसं पाणी ओतून देतात तसं उरलेलं त्याने ओतून दिलं असावं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची तर बरेच महिने मस्तकातच होती. फक्त आता तिला तोंड फुटलं.

"पहिली धार घातलीस ना तू मशीनमध्ये?"

रांगेतल्या माना वळल्या. चारचौघांत नवऱ्याला अरेतुरे त्या केंद्रावर कुणी ऐकलं नव्हतं. तिनेही लग्नापासून कधी केलं नव्हतं.

"वर बघ. बारा वर्षं मोजतोस. गायीची पहिली धार लावली तर किती लागते? सांग की सगळ्यांना."

"घरी बोलू," तो पुटपुटला.

"घरी नाही. सॅम्पल घरी लावलंस का? कुणी शेवटची धार घरी ठेवून पातळ दूध केंद्रावर आणलं, तर तू नुसत्या रंगावरून ओळखतोस ना? सचिव इथे तुझं नाव काढतात ना त्यासाठी? मग मी वाटीत पिळलं ती पहिली धार होती. शेवटची पोरीच्या पोटात आहे. ती कशी घालणार मशीनमध्ये? पोरीला उलटी टांगणार?"

"बरोबर बोलते बाई," मागून धारवाली म्हातारी म्हणाली. "पहिली धार पाणी, शेवटची साय. अरे बाबा, हे वासराला कळतं! म्हणून तर ते शेवटपर्यंत सोडत नाही."

आता हशा झाला तो काटाभाऊवर. सचिवही हसला, म्हणून ती त्याच्याकडे वळली.

"आणि तुम्ही. ते मशीन गायीच्या दुधाला लावलंय, बाईच्या नाही. उद्या तुमच्या घरचं सॅम्पल आणा. बघू किती लागते."

वाटी उचलून ती निघाली. मागे कोणी हसलं नाही. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. पण घरी भुकेलेली पोर होती आणि हातात रिकामी वाटी. झोळीत हात घातला तेव्हा चिमटी तिच्याकडे बघून आखडली, काट्यावर आखडायची तशीच. ते बघून तिला जे झालं, ते सचिवाच्या बोलण्यानेही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावातली नर्सताई आली. उपकेंद्राची पिशवी खांद्याला, छत्री हातात, घामाने डबडबलेली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "दवाखान्यातून यादी आलीय. तुमची पोर दोनदा बोलावूनही गेली नाही."

"कधी बोलावलं?"

"अहो, कार्डावर तारखा आहेत ना! एक पाचव्या महिन्यातली, एक आठव्यातली. लवकर जन्मलेल्या मुलांना बघतात तिथे. हातपाय कसे हलवते, बसते का, ऐकते का."

"कार्ड यांच्याकडे असतं. हे म्हणाले, तारीखच दिली नाही."

काटाभाऊ दारात उभा होता, आकड्यांना पाठ लावून. सदऱ्याच्या खिशावर त्याचा हात गेला. कार्ड तिथेच होतं, घामाने मऊ पडलेलं.

"सात किलो झाली की नेणार होतो."

"सात किलोला काय आहे तिथे?" तिने विचारलं. "बक्षीस?"

"एवढ्या वजनावर नेली तर ठेवून घेतील. पुन्हा त्या पेटीत."

"दहा महिन्यांचं पोर पेटीत ठेवत नाहीत हो," नर्सताई म्हणाली. पण ते त्याच्या कानांपर्यंत पोचलं नाही. नर्सताईने झोळीत डोकावून पाहिलं. "पालथी पडते का? कुशीवर वळते?"

सासूने झोळीला झोका दिला.

"पालथी घालता तरी का?"

"गुदमरली म्हणजे?" सासू म्हणाली.

नर्सताईने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गुरुवारी असतात तिथे मुलं तपासणाऱ्या बाई. या गुरुवारी न्या. आणखी उशीर करू नका."

आणखी. म्हणजे उशीर झालेलाच होता. नर्सताई गेल्यावर ती नवऱ्यावर ओरडली नाही. ओरडून होतं त्याच्या पलीकडचं होतं हे. तिने कार्ड त्याच्या खिशातून काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं, आणि संध्याकाळच्या धारा काढताना गायींना म्हणाली, "गुरुवारी तुमचं तुम्ही बघा."

गुरुवारी सकाळी आठला दुधाचा टेम्पो निघतो. ती पोरीला छातीशी बांधून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. सासूला सांगून आली होती की उरलेल्या धारा तुमच्या लेकाकडून काढून घ्या. टेम्पो सुरू झाला तोच काटाभाऊ धावत आला. काखेत काटा, टॉवेलात गुंडाळलेला.

"काय काटाभाऊ, लग्नाला निघालात का, आहेर घेऊन?" ड्रायव्हर म्हणाला.

"दवाखान्यात काटा असतो," ती समोर बघत म्हणाली.

"त्यांचा बरोबर नसतो."

तो मागे कॅनच्या गर्दीत बसला. तासभर कॅन एकमेकांवर आपटत होते. वळणावर तिने मागच्या जाळीतून पाहिलं. तो काटा मांडीवर धरून बसला होता, तिने पोरीला धरलं होतं तसाच.

दवाखान्यात तळमजल्यावर एक खोली होती. अर्ध्या जमिनीवर जाड निळी चटई, एका कोपऱ्यात चेंडू, खुळखुळे, आरसा. बाई जाडजूड, केस पिकलेल्या, साडी खोचून सरळ चटईवर बसल्या.

"या, आई. बाबा, तुम्हीही खाली बसा. ते काय आणलंय? असू दे बाजूला. वजन नंतर." त्यांनी कार्ड पाहिलं, बोटांवर मोजलं. "दहा महिने पूर्ण. पण सव्वादोन महिने आधी आली. म्हणजे आपण तिला पावणेआठ महिन्यांची समजायचं. दहाच्या पोराशी तुलना नको. ठीक?"

हे कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारचं त्याच महिन्यातलं पोर भिंत धरून उभं राहिलं, तेव्हापासून सासू रोज उसासे टाकत होती.

बाईंनी चिमटीला तिच्या छातीवरून सोडवलं, दुपटं काढलं, हात धरून हळूच उठवलं. मान मागे राहिली, मग आली. पाय वाकवून पाहिले. मग काही न बोलता तिला चटईवर पालथी केली.

चिमटी किंचाळली. असं ती कधीच ओरडली नव्हती. नाक चटईत, हात अंगाखाली, पाय लाकडासारखे. काटाभाऊ झेपावला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"गुदमरतेय ती!"

"गुदमरलेलं मूल ओरडत नाही, बाबा. ओरडतेय, म्हणजे श्वास भरपूर आहे." त्यांनी पोरीचे हात खांद्यांपुढे आणले. डोकं बोटभर उचललं गेलं, पडलं. "घरी किती वेळ ठेवता अशी?"

"ठेवतच नाही," ती म्हणाली.

"मग जमिनीवर तरी?"

"नाही."

"कधीच?"

बाईंनी पोरीला उचलून तिच्याकडे दिलं आणि चिमटीचा डावा पाय पुन्हा वाकवून पाहिला. "हा पाय थोडा ताठ आहे. हे आतलं आहे की नुसतं बांधून ठेवल्याचं, ते मला आज सांगता येणार नाही. दोन महिने रोज खाली राहू दे, मग सांगेन. पाचव्या महिन्यात आला असतात तर आतापर्यंत कळलं असतं."

त्याबरोबर तिचा बांध फुटला. "कुणी सांगितलं होतं आम्हाला? इथल्याच नर्सने सांगितलं, खाली ठेवू नका. कधीपर्यंत, ते सांगितलं? एक महिना? एक वर्ष? आम्ही गायी पाळणारी माणसं, वासरू तासात उभं राहतं, नाही राहिलं तर आम्ही त्याला उभं करतो. पोरीला मात्र उशीवर ठेवलं, कारण तुम्ही म्हणालात! मला काट्यावरच्या आकड्याला जबाबदार धरलं, माझं दूध मशीनला लावलं, चारचौघांत हसले. आणि हा कार्ड खिशात घालून फिरतोय! सगळ्यांनी मिळून पोरीला बांधून ठेवलं. मी पण. मी रोज तिला बांधायची. घट्ट बांधायची."

तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असावा. दारात एक तोंड डोकावून गेलं.

"सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "ती आमची चूक." एवढंच. समजूत घातली नाही, आणि त्याचंच तिला बरं वाटलं. मग बाई त्याच्याकडे वळल्या. "बाबा, तुम्ही झोपता का?"

त्याने ऐकलंच नाही. तो टॉवेलाकडे बघत होता. "अकराशे चाळीस," तो म्हणाला.

"काय?"

"जन्माला आली तेव्हा. दुसऱ्या दिवशी अकराशे दहा. मग एक हजार सत्तर. मग एक हजार तीस. पाचव्या दिवशी एक हजार दहा." तो थांबला नाही. चढलेले आकडेही त्याने सांगितले, एकेका दिवसाचे, पाठ असल्यासारखे, केंद्रावर ओरडतो त्याच सुरात. "पाचव्या दिवशी दारावरचा माणूस म्हणाला, हजाराखाली गेली की पोरं जगत नाहीत. मी काचेला हात लावून उभा होतो. सहाव्या दिवशी एक हजार पंधरा झाली. मग मी हलायचंच नाही असं ठरवलं. बघत राहिलो की चढते. बघायचं थांबलो तर…"

त्याने टॉवेलाचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बारा वर्षं भरलेली कॅन उचलणारे हात. तिने ते पाहिले. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा ती वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडून होती. तिला त्याची कीव आली आणि कीव आल्याचाच राग आला. घाबरलास तर मला सांगायचं होतंस. तारीख कशाला लपवलीस?

"पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन उतरतं," बाई म्हणाल्या. "वेळेवर आलेल्याचंसुद्धा. तुम्ही बघितल्याने चढलं नाही, बाबा. दुधाने चढलं. यांच्या." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "सोमवारी वर एक मनाचे डॉक्टर बसतात. तुम्ही दोघांनी यायचं, स्वतःसाठी. तिच्यासाठी नाही. तिला रोज पाचसहा वेळा पालथी घालायची, आधी दोनदोन मिनिटं. रडेल. रडू दे. समोर तोंड करून तुम्ही पण आडव्या व्हा, आई. आणि वजन महिन्यातून एकदा, इथे."

"मला काय झालंय?" काटाभाऊ म्हणाला.

"सोमवारी कळेल," ती म्हणाली. "मी येणार आहे. तुला धरून आणीन." तो 'तू' आता तिच्या तोंडात बसला होता.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. एक गाय तटतटलेल्या कासेने उभी होती. सासूच्या हातून शेवटपर्यंत धार निघाली नव्हती. तिने आधी ती मोकळी केली, हात धुतले, ओसरीवर ताडपत्री झाडून अंथरली, वर गोधडी, आणि चिमटीला उघडी करून पालथी घातली.

किंकाळी फुटली तशी सासू आतून धावत आली. "अगं, मारतेस का पोरीला? उचल आधी!"

"कुणी हात लावायचा नाही."

"अगं पण..."

"आई, हात लावायचा नाही म्हटलं ना! दोन मिनिटं."

सासू तोंडावर पदर धरून उंबऱ्यावरच बसली. काटाभाऊ दोन पावलं पुढे आला. तिने न बघता एक हात आडवा केला. तो तिच्या हाताला टेकून थांबला, मग वळला, खांबाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची पाठ हलायला लागली. आवाज नव्हता. तिला ते दिसत होतं. पण एका वेळी एकाच रडणाऱ्याकडे बघणं तिला शक्य होतं.

ती पोटावर आडवी झाली. गोधडीतून ताडपत्रीची ऊब लागली, शेणामातीचा वास नाकात गेला. तिचं तोंड आणि चिमटीचं तोंड, मध्ये वीतभर अंतर. पोरीचं नाक गोधडीवर घासत होतं, लाळ गळत होती, चेहरा लालबुंद. हे भुकेचं रडणं नव्हतं, दुखण्याचंही नव्हतं. हे तिला चांगलं ओळखीचं होतं. पोर संतापली होती. इतके महिने कुणी तिला धड संतापूही दिलं नव्हतं.

चिमटीने दोन्ही मुठी गोधडीत रोवल्या. डोकं उचललं, चार बोटं, थरथरत, आणि आईच्या डोळ्यांत बघून तिच्या तोंडावर किंचाळली. मग मान कोसळली.

"चिड," ती म्हणाली. "चिड, बाई. अजून चिड."

डोकं पुन्हा वर आलं.